जोंधळ्याएवढी गाठ

उज्वलाला बघायला आलेल्या मंडळींत नवरामुलगा उदयसिंह होता, त्याचे मामा होते, आणि गाडी चालवता येते म्हणून धरून आणलेला मित्र तेजस होता. तेजस करावे गावचा, नेरूळच्या एका इस्पितळात शिकाऊ डॉक्टर. आज त्याच्याकडे एकच जबाबदारी होती : पोहे खाणे.

साल शहाण्णव, मे महिना, कोपरखैरणे. सरबत अर्थातच बर्फाचं. उज्वलाने तेजसपुढे ग्लास धरला, गार काच डाव्या अनामिकेच्या नखाला टेकली आणि ती अशी किंचाळली, की मजल्यावरची तिन्ही दारं उघडली. सरबत तेजसच्या मांडीवर.

"मुलीला… झटके येतात का?" मामांनी विचारलं.

"छे हो, नखुरडं आहे," आई मुक्ताबाई घाईने म्हणाल्या.

हे नखुरडं चार वर्षांचं होतं. बोटावर लिंबू चढवून झालं, दृष्ट काढून झाली. एका डॉक्टरांनी तर "लग्न करा, थांबेल" असं औषध दिलं होतं. आपण नाटकीच असू… असं हल्ली उज्वलालाही वाटायला लागलं होतं.

"थंड लागलं की दुखतं?" तेजसने विचारलं. पँट ठिबकत होती. त्याला पत्ता नव्हता.

"थंड… आणि धक्का लागला तरी."

"हात द्या."

दाखवण्याच्या कार्यक्रमात मुलीचा हात भलत्यानेच मागितला. उदयसिंह पोहे चिवडत राहिला.

तेजसने काडेपेटीतली काडी घेतली. "इथे?"

"नाही."

"इथे?"

"अं… नाही."

"आणि—"

ती पुन्हा किंचाळली. तेजसचा चेहरा उजळला. आपल्या किंचाळण्याने एवढा आनंदलेला पुरुष उज्वलाने प्रथमच पाहिला.

"नखाखाली निळसर ठिपका आहे बघा. रक्तवाहिन्यांची बारीक गाठ असणार. बहुतेक साधीच असते, काढली की संपलं." मग तो तिच्याकडे वळून हळूच म्हणाला, "तुम्ही नाटक करत नाही. हे खरंच दुखतं."

उज्वलाचे डोळे भरून आले. आजवर स्थळं पाच आली होती. हे वाक्य एकानेही आणलं नव्हतं.

उदयसिंहाचा नकार चौथ्या दिवशी आला. जूनमध्ये तेजसच्याच इस्पितळातल्या सर्जननी नख उचलून जोंधळ्याएवढी गुलाबी गाठ काढली. पुढे तेजस पट्टी बघायला येत राहिला. पट्टी सुटल्यावरही आला. शेवटी वडील कोंडिबा, मार्केटातले माथाडी, स्पष्टच बोलले, "डॉक्टर, बोट बरं हाय. बसा, च्या घ्या."

त्यानंतर तेजस एकदम यायचा थांबला.

दहा दिवस वाट पाहून उज्वलाच इस्पितळात गेली.

"काय झालं? पेशंट संपला?"

"तसं नाही…" तो चाचरला. "मला विचारायचं होतं. पण तुम्ही उपकारापोटी हो म्हणाल. तसलं हो मला नको."



"गाठ कुणी काढली?"

"सर्जननी."

"मग उपकार फेडायला त्यांच्याशी लग्न करायला हवं. अठ्ठावन्न वर्षांचे आहेत, दोन नातू आहेत. बोलू का त्यांच्याशी?"

"नको!" तेजस वॉर्डभर ऐकू जाईल असं ओरडला. सिस्टरने मान वर केली.

"आभार मी जन्मभर मानीन," ती म्हणाली. "ते वेगळं… आणि हे वेगळं."

"हे म्हणजे?"

उत्तरादाखल तिने डावा हात पुढे केला. त्याने तो अलगद, कापसासारखा धरला.

"असा नको," उज्वला म्हणाली. "घट्ट धर."