उतारावरचा पाणबुड्या

शुद्धलेखन माझं कच्चं आहे आणि शब्द साधे आहेत, त्याबद्दल आधीच माफी मागतो. शाळा लवकर सुटली. नंतर जे शिकलो ते पाण्याखाली, दाजींकडून. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. पाहुण्यांना बोटीतून नेऊन प्रवाळातले छोटे मासे दाखवायचे, हे आमचं काम.

त्या दुपारी आम्ही दोघंच निघालो. दुसऱ्या दिवशीच्या पाहुण्यांना बेडूकमासा बघायचा होता. तो कुठे बसलाय ते आधी हेरून ठेवायचं होतं.

"डोळे आणलेत ना, मेहुणे?" दाजी मास्कची काच चोळत म्हणाले. "की ताईकडे ठेवायला दिलेत?"

"तुम्ही वेळेत वर यायचं तेवढं बघा. ताईला आठवा महिना चालू आहे. तिने मला बजावलंय."

"बजावलंय तुला आणि धाक मला! बरं आहे बुवा."

बेडूकमासा माशासारखा दिसतच नाही. स्पंजावर बसला की स्पंजच होतो. कपाळावर बारीक काडी, काडीच्या टोकाला अळीसारखं काहीतरी. ते तो हलवत राहतो. छोटा मासा खायला आला की तोंड उघडतं आणि मिटतं, बस. दाजींची शिकवण एवढीच, की मासा शोधू नकोस, श्वास शोध. कितीही लपला तरी श्वास घ्यावाच लागतो. कल्ल्यामागच्या भोकातून पाणी बाहेर येतं, तिथली वाळू हलते.

मला तो पिवळ्या स्पंजावर सापडला, अंगठ्याएवढा. मी पाठीवरच्या टाकीवर काठी वाजवली. काठी वाजली की जो असेल त्याने जायचं, हा आमच्या धंद्यातला नियम. कुणी मासा दाखवत असेल, कुणी अडचणीत असेल, जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. दाजी आले, वाकून बघितलं, बोटांचं कडं करून शाबासकी दिली.

तेवढ्यात काठी वाजली. टक, टक, टक.

आमच्या दोघांच्या काठ्या आमच्या हातात स्थिर होत्या.

पाण्यात आवाजाची दिशा कळत नाही, तो सगळीकडून येतो. दाजींनी बॅटरी फिरवली आणि खाली रोखली. उतारावर, जिथे निळं संपून काळं सुरू होतं, तिथे एक पाणबुड्या उभा होता. एक हात मागे नेऊन टाकीवर काठी मारत होता. दाजी लगेच निघाले.

मीही निघायला हवं होतं. पण सवयीने माझी नजर त्याच्या आजूबाजूला गेली. त्याच्या डोक्यावर बुडबुडे नव्हते. मागचा उतार इतर उतारासारखाच होता, स्पंज आणि शेवाळाने भरलेला. त्यात एका जागी दरवाजाएवढं भोक होतं. भोकाच्या तोंडाशी वाळू हळूहळू आत जात होती. थांबली. बाहेर आली. पुन्हा आत गेली.

मी दाजींचा पाय धरला. त्यांनी लाथ मारली, तरी सोडला नाही. माझे बुडबुडे दाखवले, मग त्या माणसाकडे बोट केलं. दाजी बघत राहिले. काठीचा ठेका चुकत नव्हता. मग तो माणूस हलला. पाय न उचलता, अख्खाच, डावीकडून उजवीकडे. कुणीतरी हलवल्यासारखा.

आम्ही वर आलो. नजर पोचेल तिथपर्यंत दुसरी बोट नव्हती.

"कुणीतरी अडकलेलं असेल रे..." मास्क काढत दाजी म्हणाले.

"बुडबुडे नव्हते, दाजी."

"हवा संपत आली असेल. म्हणूनच वाजवत असेल..."

"आणि ते मागचं?"

दाजींनी पाठीवरची टाकी उतरवली. इंजिन सुरू करताना म्हणाले, "सकाळी एकटा जाऊन बघून येतो. माणूस असला तर? मला घास जायचा नाही."

घरी ताईने विचारलं, "काय झालं? तोंडं शिवून घेतलीत का दोघांनी?"

"मासा सापडला," दाजी म्हणाले आणि पानावरून उठले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या आधी उठलो आणि एकट्याने बोट काढली. त्या जागेवर खूण म्हणून आमचा एक बोया तरंगत असतो, खाली दगडाला बांधलेला. तो नसेल तर एवढ्या पाण्यात ती जागा दाजींनाही सापडणार नाही. मी बोया बोटीत घेतला आणि दगड सुटावा म्हणून दोर ओढायला लागलो. दगडाचं वजन लागेना. दोर सैल येत राहिला. आमचा निळा दोर संपला. पुढे गाठ नव्हती, पण दोर होता. तपकिरी, मऊ, आणि हाताला कोमट.

मी सुरीने तो कापला. कापलेलं टोक बुडालं नाही. क्षणभर पाण्यावर थांबलं, आणि मग हळूहळू आत गेलं, खालून कुणीतरी आवरून घेत असल्यासारखं.