चढणीचं पेट्रोल

जमिनीत गळलेलं पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि पाणी ज्या उताराला जाईल त्या उताराला जातं. त्यामुळे बंद पडलेल्या त्या पंपाचं काम आलं तेव्हा मला ते सरळ वाटलं होतं. मालकांना जागा विकायची होती, आणि माती-पाण्याच्या तपासणीशिवाय विक्रीला परवानगी मिळत नव्हती.

पंपाच्या उताराला एक लाँड्री होती आणि लाँड्रीमागे विहीर. लाँड्रीवाल्या बाईंचा नवरा पाण्याची मोटार दुरुस्त करायला त्या विहिरीत उतरला, तो जिवंत वर आला नाही. आत पेट्रोलची वाफ कोंडली होती, असं बाईंचं म्हणणं. मालकांनी चौकशीत सांगितलं, पिऊन पडला. लोकांनी तेच धरून ठेवलं.

“माझा माणूस चहालासुद्धा शिवत नव्हता, ताई,” चादरीवर इस्त्री फिरवत बाई म्हणाल्या. “लेकीला सासरी अजून दारुड्याची पोर म्हणतात.”

त्या बोलताना रडल्या नाहीत. चादरीची घडी मात्र त्यांनी मोडून पुन्हा घातली.

विहिरीचं पाणी तपासलं. स्वच्छ निघालं. पंपाच्या टाक्या उकरल्या, तर तळ चाळणीसारखे झालेले. मग एवढं पेट्रोल गेलं कुठे? उताराची माती निर्मळ होती. निव्वळ नियमाला धरून मी चढाकडे एक बोअर घेतलं. माती वर येताच डोळ्यांत पाणी आलं, इतका उग्र वास.

“पेट्रोलला पाय फुटले की काय, मॅडम?” मालक हसले. चढाच्या टोकाला त्यांचंच घर होतं.

मी पुढची बोअरं घेत गेले. पेट्रोलचा पट्टा जेमतेम माणसाच्या खांद्यांएवढा रुंद होता. त्याला अगदी लागून एका शेजाऱ्याची कूपनलिका होती, तिचं पाणी घरातली माणसं पीत होती, आणि त्यात काही नव्हतं. पट्टा वळसा घालून गेला होता. आदल्या खेपेला स्वच्छ निघालेली जागा पुढच्या खेपेला वास मारायची. मी यंत्रं बदलली, प्रयोगशाळा बदलली. उत्तर बदललं नाही.

मग पेट्रोल मालकांच्या फाटकाशी आलं, मग पायरीशी. शेवटी त्यांनी मला घरात बोलावलं. हवेतली वाफ मोजणारं गॅस मीटर घेऊन मी खोल्या फिरले. त्यांच्या बायकोच्या खोलीत काटा हलला नाही, स्वयंपाकघरातही नाही. मालकांच्या पलंगाखाली तो थरथरला. त्यांनी पलंग दुसऱ्या भिंतीला लावला. दुसऱ्या दिवशी काटा तिथे थरथरला.

“मुलीकडे जाऊन राहिलो होतो,” ते म्हणाले. “तिसऱ्या मजल्यावर. तिथेही माझ्या एकट्याच्या पेल्याला वास.” दाढी वाढली होती. “टाक्या गळतायत हे मला तेव्हाच माहीत होतं. बाईंकडे चला माझ्याबरोबर. एकट्याने जाववत नाही.”

दुपारी आम्ही गेलो. मालकांनी सगळं सांगितलं. बाईंनी इस्त्री खाली ठेवली नाही.

“मला काय सांगता? ज्याच्यावर आळ घेतलात त्याला सांगा.”

मालक मागे विहिरीकडे गेले, मी पाठोपाठ. कठड्यावर वाकून विहिरीत बोलले, हळू, एखाद्याच्या कानात बोलावं तसं.

“तू प्यायला नव्हतास. मी खोटं बोललो.”

मग ते ऐकत राहिले.

“काय?” म्हणाले. आणखी वाकले. “नीट ऐकू येत नाही रे.”

मला काहीच ऐकू येत नव्हतं. ते ताठ झाले तेव्हा चेहरा पांढराफटक होता.

“खाली येऊन सांग म्हणतोय.”

बाईंनी इस्त्री ठेवली आणि त्या मागे आल्या. भिंतीला टेकवलेली लोखंडी शिडी आम्ही दोघींनी विहिरीत सोडली. मी मीटरची लांब नळी खाली सोडून काटा पाहिला.

“हवा कशी आहे?” बाईंनी विचारलं.

“चांगली आहे.”

“मग जाऊ द्या त्यांना.”

मालक उतरले. पाणी गुडघाभरच असावं. पाय टेकल्याचा आवाज झाला. काटा शून्यावर होता.

थोड्या वेळाने खालून बोलणं ऐकू आलं. दोन पुरुषांचं.

बाई कान देऊन उभ्या राहिल्या. मग आवाज ओळखल्यासारखी त्यांनी मान डोलावली आणि शिडी वर ओढायला घेतली. ती जड होती, एकटीला पेलवेना.

मी हात लावला.