रिकाम्या चेहऱ्याची बहीण

संध्याकाळी साडेसात वाजले की धारखेडची माणसं हातपाय धुऊन कपाळाला पट्टी बांधत आणि सत्तर वर्षांपूर्वीचं आठवायला बसत. आठवायला हा शब्द चुकून आलेला नाही. इतिहास नुसता ऐकायचे दिवस सरले होते. टीव्हीवरच्या ‘दडवलेलं पान’ या कार्यक्रमात यशोधन गुर्जर पहिली दहा मिनिटं बोलायचा. आधीच्या सरकारांनी आणि त्यांनी पोसलेल्या प्राध्यापकांनी काय काय लपवलं ते तो सांगायचा, आणि मग आवाज खाली आणून म्हणायचा, “माझ्यावर विश्वास ठेवू नका. डोळे मिटा आणि स्वतःच आठवून बघा.”

आपली समजूत अशी असते की आठवण म्हणजे पेटीत ठेवलेला फोटो. तसं नसतं. दर वेळी आठवताना मेंदू ती नव्याने रचतो, आणि ती पुन्हा पक्की होईपर्यंत काही मिनिटं मऊ असते. नेमक्या त्या मिनिटांत कपाळावरच्या पट्टीतून सूक्ष्म विद्युतस्पंद दिले तर तिच्यात एखादा नवा तुकडा बसवता येतो. डॉ. शलाका ठोंबरे यांनी या तंत्राला ‘स्मृतिकलम’ म्हटलं होतं. आंब्याचं कलम बांधतात तसंच हे. खुंट तुमचा, फांदी दुसऱ्याची. कलम धरावं म्हणून त्या एक युक्ती करत. बसवायच्या प्रसंगातल्या माणसाचा चेहरा रिकामा ठेवत, म्हणजे मेंदू आपल्याच जिवलगांतून एखादा चेहरा काढून तिथे भरतो. मेंदूला मार बसून स्वतःची मुलंबाळं विसरलेल्या रोग्यांसाठी त्यांनी हे सगळं केलं होतं. ज्या कंपनीत त्या नोकरीला होत्या तिने पट्टीचे हक्क गुर्जरच्या वाहिनीला विकले, आणि बाईंना ते वर्तमानपत्रातून कळलं.

त्या बुधवारचा भाग धारखेडचाच होता. सत्तर वर्षांपूर्वी तिथल्या कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यात संप झाला, संपात आग लागली आणि अकरा माणसं जळून मेली, हे खरंच घडलं होतं. शाळेच्या पुस्तकात संपाच्या गौरवाची दोन पानं होती आणि आगीची दीड ओळ. गुर्जर चिडला होता तो या दीड ओळीवर, आणि त्याचं चिडणं खोटं नव्हतं. वाहिनीची माणसं महिनाभर आधी गावात येऊन जुने फोटो मागत फिरली. सुदाम वाघचौरे या शिंप्याने दुकानात हार घालून लावलेला आजोबांचा फोटो भिंतीवरून उतरवून त्यांच्या हातात दिला. आजोबा युनियनचे सेक्रेटरी होते. आजोबा आता टीव्हीवर येणार म्हणून त्याने बाजारात पेढे वाटले. पहिला पेढा खाल्ला तो समोरच्या भास्कर लोंढेने. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारा भास्कर चव्वेचाळीस वर्षांचा होता. वीस वर्षं दोघांचा दुपारचा चहा एकाच कपबशीतून व्हायचा.

बुधवारी पट्टी बांधून भास्करला जे आठवलं ते असं. कापसाच्या गंजीमागे तो लपलाय, आणि आठ वर्षांची त्याची बहीण जिनिंगच्या बंद दारावर आतून हात आपटतेय. तिचे केस पेट घेतात. चरबी जळल्याचा वास येतो. ती त्याचं नाव घेऊन ओरडते. बाहेर एक माणूस हातात टेंभा धरून उभा आहे आणि हसतोय. त्याचा चेहरा भास्करने रोज बघितला होता, सुदामच्या दुकानात, हारामागे.

भास्करला बहीण नव्हती, आणि ती आग त्याच्या जन्माआधीची. पण आठवणीला जन्मतारीख कळत नाही.

गुरुवारी सकाळी साडेदहाला, भर बाजारात, तो रस्ता ओलांडून गेला. सुदाम मशीनवर वाकून कुणाच्या तरी पोलक्याला बाही लावत होता. मान वर न करता म्हणाला, “बस ना बे भास्कर, चहा सांगतो.” भास्करच्या हातात चोवीस नंबरचा पाना होता. पहिला घाव कानामागे बसला. सुदाम मशीनवरच आडवा झाला, पण पाय चालत राहिले आणि सुई त्याच्या तळहातातून खालीवर होत राहिली. दुसऱ्या घावाने जबडा फुटला. तिसरा, चौथा. आरशावर, अर्धवट शिवलेल्या पोलक्यांवर, गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीवर रक्त उडालं. “दार उघड,” भास्कर ओरडत होता, “दार उघड तिचं!” सुदामला काय उघडायचं ते मरेपर्यंत कळलं नाही.

त्या दिवशी धारखेडात एकट्या सुदामचा जीव गेला नाही. युनियनच्या जुन्या फोटोत ज्यांचे बापआजे होते अशी आठ माणसं दुपारपर्यंत मारली गेली. एकाला पाण्याच्या टाकीवरून ढकललं. सेक्रेटरीची नात म्हणून सुदामच्या थोरल्या बहिणीला घरात कोंडून घर पेटवलं, आणि ती दारावर हात आपटत असताना बाहेरचे शेजारी आपापल्या बहिणींसाठी ढसाढसा रडत होते. ही माणसं राक्षस होती असं म्हणून सुटता आलं असतं तर बरं झालं असतं. ती शोकात होती.

शलाकाबाई चौथ्या दिवशी गुर्जरच्या कचेरीत शिरल्या.

“अकरा मृतांमध्ये मुलगी होती?” त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं.

“बसा तर खरं, डॉक्टर.”

“होती का?”

“नव्हती,” गुर्जर म्हणाला. “सगळे पुरुष. पहारेकरी, कारकून, एक वजनकाट्यावरचा म्हातारा. पण मला सांगा, कारकुनासाठी कोण रडतं? सत्तर वर्षांत रडलं कुणी? मी पुरावे दाखवले, कागद दाखवले, लोक जांभया देत होते. आग खरी आहे, मृत्यू खरे आहेत. मी फक्त दुःख पोचवलं.”

“आणि टेंभा? चौकशी आयोगाला आग कुणी लावली ते ठरवता आलं नाही. सेक्रेटरी वाघचौरे तर त्या दिवशी जिल्ह्याच्या तुरुंगात होता. आयोगाच्या अहवालात लिहिलंय.”

 गुर्जर मूर्ख नव्हता, आणि त्या क्षणी निगरगट्टही दिसला नाही. “त्या फोटोत तो मधोमध उभा होता,” तो म्हणाला. “आम्हाला एक चेहरा हवा होता. तुमच्याच पुस्तिकेत लिहिलंय ना, जिवलगाचा चेहरा रिकामा ठेवा, पण बाकीचे तपशील पक्के हवेत. आम्ही पुस्तिकेबाहेर काही केलं नाही, डॉक्टर.”

 ती पुस्तिका बाईंनीच लिहिली होती.

मात्र बांधलेलं कलम कापता येत असे. तीन महिन्यांच्या आत रोग्याने तोच प्रसंग आठवायचा आणि पट्टीतून उलटे स्पंद द्यायचे, की बसवलेला तुकडा गळून पडतो. धारखेडच्या आरोपींवर हे करायला न्यायालयाने परवानगी दिली. ज्यांची आठवण पुसली जाईल त्यांची शिक्षा कमी करण्याचा विचार होईल, असंही न्यायाधीशांनी लेखी कळवलं. तेवीस आरोपींमध्ये पहिला नंबर भास्करचा होता. शलाकाबाई पट्टी घेऊन तुरुंगात गेल्या. भास्कर खूप वाळला होता.

“तुम्हाला बहीण नव्हती, हे माहीत आहे ना?” त्यांनी हळूच विचारलं.

“माहीत हाय. मायनं सांगतलं, वकिलानं सांगतलं. रेशन कार्ड बी दाखवलं.”

“तिचा चेहरा कसा आहे?”

“माह्या पोरीचा,” भास्कर म्हणाला. “आमची राणू. आठ वर्साची हाय. भेटाले आली होती परवा. मी तिच्याकडं पाह्यलंच नाही, बाई. पाह्यलं का तिचे केस पेटतात.”

“ते सगळं जाईल. अर्ध्या तासाचं काम आहे. राणू नुसती राणू दिसेल.”  धारखेडनंतर पहिल्यांदाच बाईंना कुणाचं तरी भलं करता येणार होतं.

भास्करने पट्टी हातात घेतली, उलटसुलट केली. “आन् सुदाम?”

“म्हणजे?”

“सुदामचं बी जाते का?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “ते कलम नाही. ते घडलंय. ते राहणार.”

 भास्कर एकेक शब्द जोडत म्हणाला, “म्हंजे पोरगी जाईन. तिचं वरडणं जाईन. आन् मी चहा सांगणाऱ्या मानसाचं डोस्कं फोडलं, एवढंच राहीन. कायले फोडलं, ते नाही राहनार.”

“पण ते कारण खोटं आहे, भास्कर.”

“खोटं हाय तं हाय. माह्यापाशी दुसरं नाही ना.”

त्याने पट्टी परत केली नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरली. बाईंनी शिक्षेचं सांगितलं, राणूचं सांगितलं, हात जोडले. तो मान हलवत राहिला. शेजारच्या कोठड्यांमधून बाकीचे बावीस जण कान देऊन ऐकत होते, आणि त्यांच्यातला एकही पुढे आला नाही.

“बाई, एक काम करा,” भास्कर शेवटी म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. “आताशा ते फिकं पडून राह्यलं. काल रातच्याला दाराचा आवाज ऐकू आला नाही मले. पुसू नका. आनखी एक डाव दाखवा. नीट दाखवा, शेवटापावतर. ती जळालीच पाह्यजे.”

एवढं बोलून त्याने पट्टी स्वतःच कपाळाला बांधली आणि डोळे मिटून वाट बघत बसला.