संयोगिताची हार्ड डिस्क

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचता आली असती, तर शेवट तरी वेगळा केला असता.

मागच्या वर्षीचा फेब्रुवारी. मंगळवार. दुपारचे अडीच.

मी कपिल. मिरजेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. शेजारी तंबोरे बनवतात. दिवसभर तारा जुळवायचा आवाज चालू असतो.

त्या दुपारी विट्याकडचं एक जोडपं आलं. लालासाहेब, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांचा दंड धरून चालणाऱ्या त्यांच्या पत्नी, अंजनाकाकू. काकूंना अजिबात दिसत नव्हतं. डोळ्यांच्या दवाखान्यातून थेट माझ्याकडे आले होते. नजर आता परत येणार नाही, असं डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं होतं.

लालासाहेबांनी रुमाल सोडून हार्ड डिस्क टेबलावर ठेवली.

"आमच्या संयोगिताची हाय. उघडंना झालीया."

संयोगिता त्यांची एकुलती एक लेक. सहा महिन्यांपूर्वी गाडीच्या अपघातात गेली. मोबाईलचाही चुरा झाला. कॉलेजच्या कार्यक्रमांत ती निवेदन करायची. ते सगळे व्हिडिओ या डिस्कमध्ये होते.

"फोटो लय हायती घरात," लालासाहेब म्हणाले. "पर हिला त्याचा काय उपेग? हिला पोरीचा आवाज पायजे."

मी डिस्क जोडली. लाईट लागला. स्क्रीनवर काहीच नाही.

वायर बदलली. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली. तिथं दिसली, पण उघडायला गेलो की एकच प्रश्न यायचा… फॉरमॅट करायची का?

मी 'नाही' दाबलं.

आणि आतून आवाज सुरू झाला.

टक… टक… टक…

असा आवाज आला की डिस्क ताबडतोब काढायची असते. आतला भाग घासत असतो. प्रत्येक टकटकीला काहीतरी कायमचं पुसलं जातं.

मी वायरला हात घातला.

"थांब," अंजनाकाकू म्हणाल्या. "ती बोलतीया."

मी स्पीकरकडे बघितलं.

स्पीकर बंद होता.

"व्हय गं," काकू हसल्या. "जेवले की. तुझे बाबा बी जेवले."

त्या बोलत होत्या, तेवढा वेळ टकटक थांबली.

त्या गप्प झाल्या…

टक… टक…

"तुम्हाला काही ऐकू येतंय?" मी लालासाहेबांना हळूच विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही.

शेजारच्या तारा कधी थांबल्या, मला कळलंच नाही.

"काकू, ही चालू ठेवली तर सगळं जाईल. आत्ता काढली तर पुण्याच्या लॅबमध्ये काहीतरी निघेल."

"नगं रं बाळा. सहा म्हैन्यांनी बोलतीया. नगं काढू."

डिस्क चटका बसेल एवढी तापली होती. टकटक वाढली होती.

मी लालासाहेबांकडे बघितलं. ते भिंतीला टेकून उभे होते.

"मला काय कळंना," ते म्हणाले. "तूच ठरीव."

मी वायर काढली.

काकू ओरडल्या नाहीत. नुसता हात पुढे केला. हवेत.

वायर माझ्या मुठीत होती.

तरीही…

टक.

एकदाच.

डिस्क मी पुण्याला पाठवली. तीन आठवड्यांनी लॅबमधून फोन आला. काहीच निघालं नव्हतं.

"आतली मोटर गंजून जाम झालीय," लॅबमधला माणूस म्हणाला. "ही डिस्क कित्येक महिने फिरलेलीच नाही. आवाज कुठून येणार?"

डिस्क परत द्यायला मी स्वतः त्यांच्या गावी गेलो. काकू दारात खुर्चीवर बसल्या होत्या. मी त्यांच्या पाया पडलो. माफी मागितली. मग राहवेना म्हणून विचारलं, "काकू, शेवटी ती काय म्हणाली?"

काकूंनी माझ्या आवाजाकडे मान वळवली.

"'आई, त्या माणसाला सांग, वायर…' एवढंच. तेवढ्यात तू काढलीस."

"काढ म्हणत होती, का काढू नको?"

काकूंनी चाचपून माझा हात धरला.

"म्या काय सांगू बाळा? पोरीचं बोलणं पुरं झालंच न्हाई."

आजही माझ्याकडे बिघडलेल्या डिस्क येतात. एखादी टकटकायला लागली की मी टेबलापासून मागे सरकतो.

गिऱ्हाइकाला म्हणतो… वायर तुमची तुम्हीच काढा.