ऑरिनच्या प्रेसची सुई

"सुई पुन्हा मोडली," सिग्नी म्हणाली आणि तिने तो तुकडा वर्नाच्या टेबलावर ठेवला. "कुणीतरी बाबांच्या वाईटावर आहे."

सिग्नी त्वाइट शेरिफच्या कचेरीत डेप्युटी होती. सरावाच्या पिस्तुलाच्या गोळ्या तिला बाप, ऑरिन, घरीच भरून देई. झाडलेल्या गोळीची रिकामी पितळी पुंगळी हाताच्या प्रेसमध्ये ठेवून दांडा ओढला, की सुई तळाच्या मधल्या भोकातून जाऊन ठिणगी देणारी जुनी टोपी पाडते. मग नवी टोपी, मापाने बंदुकीची दारू, वर शिसं. ऑरिनचं आयुष्य त्या दांड्यावर गेलं होतं. उन्हाळ्यापासून मात्र दर खेपेला सुई मोडत होती. दुसरं काहीच नाही, फक्त सुई.

"सुयाच भिकार असतील," लाईल म्हणाला. वर्ना स्टॉकार्ड खाजगी तपास करायची आणि निवृत्त डेप्युटी लाईल तिची गाडी चालवायचा. मोंटानाच्या त्या मुलखात ही जोडी सगळ्यांना ठाऊक होती.

"वेगवेगळ्या दुकानांच्या आणून झाल्या."

"प्रेस ठेवलाय त्या गॅरेजला कुलूप?" वर्नाने विचारलं.

"आमच्याकडे कुलूप कोण लावतं? शेजारचा बॉइड केव्हाही येतो. कुंपणावरून त्याचं बाबांशी वाजलंय."

बॉइड अंगणात लाकडं रचत होता.

"मी म्हाताऱ्याची सुई मोडू?" तो म्हणाला. "कुंपणाचं भांडण कुंपणावर. उलट माझ्या रिकाम्या पुंगळ्या मी त्याच्या बायकोला, मारेनला दिल्या, तिने नाताळच्या माळेसाठी मागितल्या म्हणून. जुना परदेशी लष्करी माल. ऑरिनला काय उपयोग? त्या प्रेसवर भरता येत नाहीत."

"कधी दिल्या?"

"उन्हाळा लागला तेव्हा."

गाडीत बसताना लाईल कुजबुजला, "फारच गोड बोलला हा."

"तुला सगळेच चोर दिसतात, लाईल. फक्त चोरी दिसत नाही."

ऑरिनचं गॅरेज देवघरासारखं लखलखीत होतं. त्याची बायको मारेन धुतलेल्या पुंगळ्या चाळणीतून घेऊन आली. "हे काम माझं," ती म्हणाली. "याच्या बोटांना थंड पाणी सोसत नाही."

वर्नाने भंगाराचा डबा उपसला. जुन्या टोप्या होत्या, तोंड फाटलेल्या पुंगळ्या होत्या.

"सुई जिच्यात मोडते ती पुंगळी कुठे टाकता?"

"त्यातच," ऑरिन खिडकीबाहेर बघत म्हणाला.

स्वयंपाकघरात त्याने स्वतः कॉफी ओतली. लाईलच्या कपात दोन चमचे साखर घातली, यंदा मासे कसे आहेत ते विचारलं, आणि आणखी दोन चमचे घातले. मारेनने ते पाहिलं आणि ती टेबल पुसू लागली. लाईलने मुकाट्याने कप रिकामा केला.

तेवढ्यात सिग्नीही आली. वर्नाने सगळ्यांना टेबलाशी बसवलं.

"लाईल, तो पाक का प्यायलास?"

लाईल लाजला. "बोलणं बरं दिसत नाही."

"इथेही कुणाला बोलणं बरं वाटलं नाही." वर्नाने चाळणीतल्या पुंगळ्यांत एकेक करून बॅटरी मारली आणि एक बाजूला ठेवली. "बाहेरून इतरांसारखीच. आत बघ, सिग्नी. मध्ये भोक नाही, कडेला दोन बारीक आहेत. सुई धातूवर आदळते आणि मोडते. हा बॉइडचा लष्करी माल. तो मागून आणला मारेनने, आणि पुंगळ्या धुते तीही मारेनच."

"आई?"

"वैराने मोडणारा दांडा वाकवेल. इथे मोडते ती सगळ्यात स्वस्त वस्तू, तीही पहिल्याच पायरीला. काम दारूपर्यंत पोहोचूच नये, एवढाच हेतू. साखर दोनदा पडली तर कॉफी बिघडते. दारू दोनदा पडली तर..."

सिग्नीने नकळत उजवा हात मांडीवर घेतला.

"कामाच्या बाकावर एक पुंगळी सापडली होती मला," मारेन म्हणाली. "दारूने काठोकाठ. ती तुझ्या हातात फुटली असती, पोरी. पण तू विसरतोस असं याला कोणत्या तोंडाने सांगू? याच्याकडे दुसरं उरलंय काय?" तिला रडू आवरेना.

"एक गोष्ट राहिली," वर्ना हळू आवाजात म्हणाली. "दोन भोकांची एकही पुंगळी भंगारात नव्हती. लपवतो तो, ज्याला कळलेलं असतं."

ऑरिन उठला. गॅरेजमधून कॉफीचा जुना डबा घेऊन आला आणि टेबलावर ठेवला. आत दोन भोकांच्या पुंगळ्या होत्या, प्रत्येकीच्या तळाला आतून सुईचा ओरखडा.

"पहिलीच मोडली तेव्हा कळलं," तो म्हणाला. "रात्री हिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता, तेही कळत होतं. पण सुई मोडली की तेवढ्यापुरता दोष यंत्राचा असायचा, मारेन. माझा नसायचा."

लाईलला नजर कुठे ठेवावी कळेना. आयुष्यभर त्याने खोटं पकडलं होतं, पण दोघांनी मिळून इतक्या मायेने जपलेलं खोटं त्याच्या वाट्याला आलं नव्हतं.

सिग्नीने डबा बंद केला. "दारू आजपासून मी मोजेन, बाबा. टोप्या तुम्हीच पाडा."

ऑरिनने मान हलवली. लाईलचा कप पुन्हा भरला, साखर घातली, ढवळली. मग त्याचा हात पुन्हा साखरेच्या भांड्याकडे गेला.

मारेनने त्याचं मनगट धरलं.

"घातलीस, ऑरिन," ती म्हणाली.

त्याने चमचा तिच्या हातात दिला.