अर्धी राहिलेली पात

धरण झाले तेव्हा खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेली आणि मधली एक टेकडी तेवढी बेट होऊन उरली. मी शेणव्याचा रहिवासी. आसनगावजवळच्या एका कारखान्यात यंत्रे दुरुस्त करतो. प्रत्येक बिघाडामागे काही कारण असतेच, हा माझा नित्याचा अनुभव आहे. फावल्या वेळात आपल्या तालुक्यातील वृक्षांची व जुन्या कसबांची माहिती लिहून ठेवण्याचा छंद मला जडला. त्या बेटावर ऐन आहे, कुडा आहे, करवंदीच्या जाळ्या आहेत आणि लांब पेरांचा बांबू आहे. त्या बांबूची इरली उत्तम होतात.

इरले म्हणजे पावसात पाठीवर घेण्याचे बांबूचे व पानांचे कवच. शेतात वाकलेल्या बाईच्या पाठीचे माप वितीने घेऊन ते विणतात. प्लास्टिक आल्यापासून आमच्या गावात हे कसब केवळ माझी पत्नी अनिता हिच्यापाशी उरले आहे. तिला ते तिच्या आईने, गुणाबाईंनी, शिकविले. गुणाबाईंचे माहेर त्याच बुडालेल्या गावांतले. गेल्या वर्षी भाताची आवणी करीत असता त्या चिखलातच कोसळल्या. आवणीत प्रत्येकीला रोपे लावण्यासाठी एक पट्टी नेमून दिलेली असते, तिला पात म्हणतात. धरलेली पात अर्धी टाकायची नसते. एखादी अडली तर तिची पात लेक पुरी करते. त्या दिवशी मात्र आम्ही सर्व दवाखान्याकडे धावलो. पुढे त्यांचे इरले त्यांच्यासोबतच चितेवर ठेवले.

यंदा वैशाखात बांबू आणण्यासाठी आम्ही उभयता धाकलूच्या होडीतून बेटावर गेलो. धाकलू टेकडीपलीकडच्या पाड्यातला, धरणात मासे धरणारा. तो स्वतः होडीतून उतरला नाही.

"बांबू काढा, पानं काढा," तो म्हणाला, "पन पल्याडच्या गाळात उतरू नका, भाऊ."

मी कारण विचारले. तो जाळ्याची गाठ सोडवीत बसला.

अनिताने कोयता चालविला. मी झाडांच्या साली निरखीत होतो. ती हसून म्हणाली, "तुमी नावं लिवा. वझं उचलायला मी हायच."

दुपार चढली तशी पाखरे गप्प झाली. आम्ही माथ्यावर पोचलो तेव्हा मला एक वास आला. ओल्या चिखलाचा आणि नुकत्याच उपटलेल्या भातरोपांचा तो वास होता. पेरणीलाच अजून अवकाश होता. रोपे कोठून असणार?

पलीकडच्या उतारावर पाणी ओसरून गाळ उघडा पडला होता, वाळून भेगाळलेला. त्यावर, पार खाली, इरल्यांची एक ओळ होती.

"आवणी चाललीय," अनिता म्हणाली. स्वयंपाक झाला असे सांगावे, तशा आवाजात.

कोणीतरी जुनी इरली वाळत घातली असतील, असे मी म्हणालो. मोळी आवळण्यासाठी खाली वाकलो आणि पुन्हा उभा राहिलो.

ओळ अर्ध्या उतारावर आली होती.

हालचाल मी पाहिली नाही. सर्व इरल्यांच्या पाठी आमच्याकडे होत्या. आवणी करणाऱ्या बायका मागे मागे सरकतात, हे मला ठाऊक होते. ओळीत एक जागा रिकामी होती. तेथे एक इरले नुसतेच पडले होते. त्याच्या शेंड्याला हिरव्या लुगड्याच्या काठाची गाठ होती.

"ते आयचं."

"ते जळालं, अनिता."

"व्हय. मी बगितलं ना जळताना."

ती उताराने खाली गेली. मी हाका मारल्या. तिने इरले उचलून पाठीवर घेतले. ते तिला नेमके बसले.

ती वाकली.

मी धावलो. कोरड्या गाळात माझे पाय घोट्यापर्यंत रुतले. मी तिला दंड धरून ओढले, इरले भिरकावून दिले. बाकीच्या इरल्यांकडे मी पाहिले नाही. इतकेच जाणवले की, सर्व ओळ थांबली होती. तिच्यासाठी थांबली होती.

होडीत धाकलूने तिच्या हातांकडे पाहिले. ते कोपरापर्यंत ओल्या चिखलाने माखले होते.

"पात पुरी झाली का, वयनी?"

"नाय," अनिता म्हणाली. "अर्धी ऱ्हायली."

त्याने वल्हे उचलले आणि होडी किनाऱ्याकडे वळविली.

अनिता आता बरी आहे. रांधते, हसते, माझ्या लिहिण्याची थट्टा करते. दाराची कडी मी स्वतः लावतो व तिच्या शेजारीच निजतो. तिला उठताना मी कधी पाहिले नाही.

परंतु रोज सकाळी सारवलेल्या टणक जमिनीत भाताची रोपे उभी असतात. ओळ चुलीपाशी सुरू होते, उंबरा ओलांडते आणि अंगणातून धरणाच्या दिशेने जाते. मी ती उपटतो. मुळांना ओला, करडा गाळ असतो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा असतात, आणि ओळ थोडी वाढलेली असते. काल ती सडकेला लागली.

आवणी करणारी मागे मागे सरकते. तिचे तोंड लावलेल्या रोपांकडे असते. म्हणजे जाताना, सर्व वेळ, ती घराकडेच पाहत असणार.