घाटापुरतं गाणं

चिखलदऱ्याच्या घाटात माझ्या सायकलची चेन उतरली, तेव्हा मी आधीच रडण्याच्या बेतात होते.

पुढचे सगळे धुक्यात कधीच दिसेनासे झाले होते. अमरावतीच्या त्या सायकल ग्रुपमध्ये माझी चुलतबहीण अपेक्षा होती आणि ‘चल न, मजा येते’ म्हणत तिनंच मला पहाटे अंथरुणातून ओढून काढलं होतं. सायकली टेम्पोत टाकून आम्ही घाटाच्या पायथ्याशी उतरलो, फोटो काढले आणि पहिल्याच चढाला अपेक्षाबाई हात हलवत निघून गेल्या. मी पुण्यात दिवसभर खुर्चीत बसून काम करणारी बाई. दिवाळीच्या निमित्तानं महिनाभर घरी आले होते. लॅपटॉप उघडून काम करायचं, आईच्या हातचं खायचं आणि झोपायचं, एवढाच माझा बेत. हौस दुसरीची आणि पाय माझे!

हात काळे करून मी चेनशी झटत होते, तेवढ्यात खालच्या वळणावरून गाणं ऐकू आलं.

इतकं ओळखीचं गाणं, की मी चेन सोडून उभीच राहिले. बाबासाहेबांवरचं जुनं गाणं, कव्वालीच्या ढंगातलं, टाळ्या आणि ढोलकीचं. आमच्याकडे रोज सकाळी बाबा अंघोळ करताना हेच म्हणतात आणि वरची पट्टी आली की खोकतात. धुक्यातून आधी ते गाणं आलं, मग हँडलला छोटा स्पीकर बांधलेली एक सायकल आली, आणि मग… तो. सावळा, उंच, केसांवर धुक्याचे थेंब. आणि चढावरसुद्धा गात होता! इथे मला श्वास पुरत नव्हता.

“चेन उतरली काय?” त्यानं थांबून विचारलं.

“नाही, मीच उतरवली. म्हटलं, जरा हवा खाऊ दे तिले.”

तो हसला. सायकल दगडाला टेकवून माझ्यासमोर खाली बसला. “चढावर जोर देता देता गिअर पाडला असन तुमी. असं नाई करत.”

“मले कोणी सांगतलं नाही.”

“मी सांगून राहिलो न आता.”

त्याची बोटं चेनवर सराईतपणे फिरत होती. स्पीकरवर गाण्याचं दुसरं कडवं लागलं आणि मी नकळत ती ओळ म्हणून गेले. त्यानं मान वर करून पाहिलं.

“तुमाले येते हे?”

“माया बाबाचं बाथरूममधलं गाणं हाय.”

“तरीच आवाज घुमते.”

“काय?”

“चांगला हाय म्हटलं…” असं म्हणून तो पुन्हा चेनकडे वळला. पण गालातलं हसू दिसत होतं त्याचं.

घाट चढायची त्याची एक रीत होती. एक गाणं लावायचं आणि ते संपेपर्यंत जमिनीला पाय टेकवायचा नाही. गाणं संपलं की थांबायचं, पाणी प्यायचं, मग पुढचं गाणं. “किती चढ बाकी हाय, ते पाहातच नाई मी,” तो म्हणाला. “किती गाणी बाकी हायेत, तेवढं पाहतो.” मी मान डोलावली आणि फसले. त्यानं लावलेलं पुढचं गाणं संपतासंपेना! शाहीर एकेक ओळ चार-चारदा घोळवत होता, माझ्या मांड्या पेटल्या होत्या आणि हा पठ्ठ्या बाजूनं टाळ्यांचा ठेका तोंडानं धरत होता.

“लबाड हाय तुमी!” मी कशीबशी ओरडले.

“बोलायले दम हाय न? मंग चढायले बी हाय. चला…”

वर पोचलो तेव्हा ग्रुपची भजी खाऊन झाली होती. अपेक्षानं आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि भुवई अशी काही उडवली की मला चहाचा ठसका लागला. निघताना त्यानं नाव सांगितलं, श्रावण इंगळे. मी म्हटलं, दीक्षा तायडे.

आता वऱ्हाडात इंगळे म्हणा की तायडे, आडनावावरून काही पत्ता लागत नाही. दोन्ही आडनावं आम्हा बौद्धांतही आहेत आणि कुणब्यांतही. म्हणून लोक पुढचा प्रश्न विचारतात – गाव कोणतं, मामा कुठले, वगैरे. मला त्याची गरजच वाटली नाही. माणूस कोणती गाणी गुणगुणतो यावरून आपला-परका ठरवायची आमच्याकडची जुनी खोड. मी “जय भीम” म्हटलं, त्यानंही मोकळेपणानं “जय भीम” म्हटलं आणि धुक्यात उतरून गेला. झालं! माझ्या लेखी त्याची सगळी चौकशी पूर्ण झाली होती.

त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी मी घाटात होते. आई म्हणाली, “कधी दुकानापर्यंत पायी गेली नाही, आता घाट चढून राहिली बाप्पा!” परतीच्या पावसाची एखादी सर यायची, ओल्या सागाच्या पानांचा वास सुटायचा, आणि आम्ही दोघंच मागे राहायचो. ‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं, ते कळलंसुद्धा नाही. तो सीताफळं आणायचा. कठड्यावर बसून आम्ही ती खायचो आणि बिया कोण लांब फेकतं याची शर्यत लावायचो. मी हरायचे आणि भांडायचे.

एकदा मी विचारलं, “एवढी गाणी शिकला कुठं तू?”

“प्रीतम म्हणून दोस्त हाय माया गावातला. त्याच्या बाबाची गायन पार्टी होती. मांगं बसून कोरस द्यायचो, टाळ्या वाजवायचो. घरी सांगायचो, ट्यूशनले चाललो.”

“घरी काहून लपवायचं?”

“असंच…” तो म्हणाला आणि उगाच ब्रेकची तार पाहू लागला. मी हसले. माझं सगळं लक्ष सीताफळात होतं.

शेवटच्या वळणाचा चढ फार वाईट. त्या दिवशी पाय थरथरायला लागले, तेव्हा तो बाजूला येऊन म्हणाला, “पाठीले हात लावून ढकलू काय?”

“विचारून राहिला की सांगून राहिला?”

“विचारून.”

“मंग… लाव.”

त्यानं हात ठेवला. चढ संपला तरी तो हात थोडा वेळ तिथेच होता. मी तो झटकला नाही. त्यानंही काढला नाही. त्या रात्री मला झोप आली नाही आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. खरं सांगते, इतकं सुख मला सोसवत नव्हतं.

मग एका संध्याकाळी तो आमच्या घरी आला, संत्र्यांची पिशवी घेऊन. बाबांनी पाच मिनिटांत त्याला गायला बसवलं. दोघांनी मिळून ते अंघोळीचं गाणं असं म्हटलं की बाबा वरच्या पट्टीत पहिल्यांदाच खोकले नाहीत. आईनं जेवायला वाढता वाढता विचारलं, “बाबू, वडिलांचं नाव काय म्हणे?”

“खुशालराव इंगळे. चांदूर बाजारजवळ आमची संत्र्याची बाग हाय.”

बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं बाबांकडे पाहिलं. मग ती उठली आणि त्याच्या ताटात आणखी एक गरम पोळी वाढली. “लाजू नको, घे. घरचंच हाय,” म्हणाली. मला वाटलं, सोयरीक ठरवून राहिले हे दोघं डोळ्यांनीच! मी मान खाली घालून वरण कालवत बसले.

माझ्या मुक्कामाचा शेवटचा रविवार उजाडला. त्या दिवशी मी घाट चढले आणि पाय एकदाही टेकवला नाही. गाणं संपलं तरी थांबले नाही, पुढचं लागलं, तेही संपलं. वर पोचल्यावर सायकल टाकून मी गवतात आडवी झाले. श्रावण माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, “दीक्षा, आज माया घरी चल. आईले भेटवतो तुले.”

मी उठून बसले. “कोण म्हणून?”

“तुले मालूम हाय कोण म्हणून…”

त्याचे कान लाल झाले होते. मी त्याच्या हातातली बाटली घेतली आणि पाणी प्यायले.

घाट उतरून आम्ही परतवाडा ओलांडला आणि चांदूर बाजारच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूला कापूस फुटला होता, बायका वेचणीला लागल्या होत्या. स्पीकर जोरात सुरू होता, आणि मी मनातल्या मनात त्याच्या आईच्या पाया पडण्याची तालीम करत होते. लांबून गावाची पाण्याची टाकी दिसली. श्रावणनं हात पुढे केला आणि गाणं बंद केलं. मग स्पीकर हँडलवरून सोडवला आणि बॅगेच्या तळाशी कोंबला.

“काहून बंद केलं? मस्त लागलं होतं.”

“गाव आलं न.”

“मंग?”

तो सायकलवरून उतरला. मीही उतरले.

“दीक्षा… मले वाटलं, तुले समजलं असन. आमी कुणबी होय.”

मला खरंच समजलं नव्हतं. मी म्हटलं, “बरं. त्यानं काय होते? मले काही फरक पडत नाही.”

“मले बी नाई पडत. आईची कसम, नाई पडत!” तो घाईघाईनं म्हणाला. “पण घरी… आईले लगेच झेपणार नाई. म्हणून मी इचार केला, आज तुले घरी ‘दिशा’ म्हणू, दीक्षा म्हटलं की लगेच समजते. तायडे तं आमच्यात बी असतात. मामाचं गाव विचारलं तं अकोट सांगजो, तिकडं आमचं कोणीच नाई. आधी तिले तू आवडू दे. मंग हळूहळू सांगू.”

तो हे सगळं इतक्या मायेनं सांगत होता. किती दिवस झोपेविना हा बेत रचला असेल यानं, असंच माझ्या मनात आलं, आणि त्याची कीव आली. माझीही आली.

“तिले दिशा आवडंल, श्रावण,” मी म्हटलं. “मी कुठं हाय त्यात?”

“चार महिन्यांची बात हाय. नाई तं सहा.”

“आणि मंग एक दिवस सांगशील, की आई, तू जिले पोळी वाढली ते ही नोहोयच? माया घरी तू तुया नावानं आला. तुया नावानं जेवला. बाबाच्या मांडीले मांडी लावून गायला.”

“तुये आईबाबा येगळे हायेत. आई वाईट नाई वो, दीक्षा. तिनं दुसरं काही पाह्यलंच नाई…”

“मी वाईट म्हटलंच नाही तिले. तू तिले सांगून पाह्यलं काय एकदा तरी? माया खऱ्या नावानं?”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटत होतं, आत्ता बॅग उघडेल. स्पीकर काढेल. काहीतरी करेल… कापूस वेचणारी एक म्हातारी ओळखीनं “कोण होय रे ते पोरगी, श्रावण?” म्हणून ओरडली, आणि तो पटकन म्हणाला, “कोणी नाई आजी, रस्ता पुसून राहिली.”

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं. त्यानं माझा हात धरला. मी धरू दिला, कारण पुन्हा धरायला मिळणार नव्हता.

“ऐक,” मी म्हटलं. “मले तू आवडतो. खूप आवडतो. इतकं दुसरं कोणी आवडलं नाही मले. हे तुले घाटातच सांगायचं होतं, राहून गेलं. म्हणून आता सांगून राहिली.”

“मंग थांब न…”

“दिशा म्हणून नाही थांबत.”

मी सायकल वळवली. रस्ता सरळ सपाट होता, पण घाटात लागला नव्हता असा दम मला तिथे लागला. तो हाका मारत राहिला, हळू आवाजात. जोरात हाक मारली असती तर वावरातल्या लोकांना माझं नाव ऐकू गेलं असतं.

चांदूर बाजारात एका काळीपिवळी जीपवाल्यानं सायकल टपावर बांधली आणि मी अमरावतीला आले. घरी आई माझ्यासाठी शेव पाडत बसली होती, उद्या पुण्याला बरोबर द्यायला. माझं तोंड पाहून तिनं गॅस बंद केला.

“काय झालं वं? काहून रडून राहिली?”

“आई, श्रावण आपल्यातला नाही. कुणब्याचा हाय.”

“मालूम हाय मले.”

“कसं काय?” मी डोळे पुसत विचारलं.

“तुये बाबा अकोल्याच्या कृषी विद्यापीठात होते, तवा माती तपासायले त्यांच्या बागेत गेले होते. खुशालरावाले चांगले ओळखतात. पोरानं नाव सांगतल्याबरोबर आमच्या दोघांच्या ध्यानात आलं.”

“मंग तुमी काही बोलले काहून नाही?”

“काय बोलायचं?” आई म्हणाली. “पोरगं जेवून राह्यलं होतं. तुले आवडलं होतं, तुया बाबाले आवडलं होतं. अजून काय पाहायचं असते?”

मी तिच्याजवळ खाली बसले आणि सगळं सांगितलं. ते दिशा, ते अकोट, ती म्हातारी. सांगता सांगता हुंदका आवरेना, तेव्हा तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या हाताला बेसनाचा वास येत होता. ती कुणालाही बोल लावत नव्हती, नुसती माझे केस मागे सारत होती. बऱ्याच वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली,

“येडं पोरगं. मले एकदा सांगतलं असतं तं मी आली असती न, त्याच्या मायशी बोलायले.”